घरात कोण कोण नांदतं

तिचं नाव तुळजा. आज लिहिताना हात अडत नाही. तेव्हा मात्र ते माझ्या तोंडातून निघालं नाही, आणि तेवढ्यापायी ती गेली. त्याला आता चार वर्षं होतील. ती पडघ्याला असते. तिकडचं कोणी बाजारात भेटलं तर मी फार काही विचारत नाही. बरी आहे ना, एवढंच विचारते.

माझ्याकडे राहायला आली ते बहात्तर साल. कामतघरला वऱ्हाळ तलावाच्या अलीकडे आमची आठ खोल्यांची चाळ, आणि मागे सगळे लूमचे कारखाने. आम्ही दोघी एकाच कारखान्यात कांड्या भरायला होतो. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. लूम एक कांडी संपवतो तोवर दुसरी भरून तयार पाहिजे, म्हणून बायकांचे हात कधी रिकामे नसतात. तुळजा वडप्याची. नवऱ्यानं दुसरी केली म्हणून काडी मोडून माहेरी आलेली, आणि भावाच्या घरी दोन वर्षं काढून कंटाळलेली. शिफ्ट सुटेपर्यंत तिची एस.टी. निघून जायची. एकदा मी म्हटलं, आज माझ्याकडे राहा. ती राहिली. मग रोजच राहिली.

पहिले सहा महिने मी तिला नावानंच हाक मारत होते. पुढे कधी बंद झाली ते सांगता येत नाही. मी "अगं" म्हणायला लागले, "ऐकलंस का" म्हणायला लागले. कोणी विचारलं तर सांगायचे, "आमच्याकडची पाण्याला गेलीय." आरतीत तुळजाभवानीचं नाव यायचं तिथं "आई भवानी" म्हणून पुढे सरकायचे. माझ्या स्वतःच्या ध्यानात हे आलं नव्हतं. आलं ते शेजारच्या ठमाबाईच्या.

"काय गं सरू," ती ओट्यावर लसूण सोलता सोलता म्हणाली, "तुळशीला हल्ली झाड म्हणायला लागलीस ती?"

"झाडच आहे की."

"आनि देवीचं नाव आर्धं गिळतेस. माझ्या सासऱ्याचं नाव भात्या हुतं, तर माझी सासू मरेपरेन भाताला पांढरं म्हणायची. तसं चाललंय तुझं."

बायका हसल्या. तुळजा पण हसली, तिला त्यातलं काही लागलं नाही. मी आत गेले आणि वाती वळायला बसले. कापूस बोटांना चिकटत होता.

त्याचं कारण लिहायला हवं. माझं लग्न तेराव्या वर्षी झालं. नवरा सतरा वर्षांचा. नवरा-बायको असं काही आमच्यात नव्हतं, आम्ही आंब्याखाली कैऱ्यांवरून भांडायचो. एकदा त्यानं माझ्या बांगड्या लपवल्या. मी अंगणात उभी राहून ओरडले, "मोरू, दे." सासूनं ऐकलं. आठव्या दिवशी तो तापानं गेला. तेराव्याला सासू सगळ्या बायकांत म्हणाली, "हिनं नाव घेतलं. तोंडानं त्याचं आयुष्य तोडलं." मी चौदाची होते, मला ते खरं वाटलं. तेव्हापासून मी नेम धरले. सूर्य उगवायच्या आत अंघोळ, तुळशीला पाणी घातल्याशिवाय पाण्याचा घोट नाही, रोज अकरा वाती, शुक्रवारी एकदाच जेवण. बावीस वर्षं एकही चुकला नव्हता. लोक म्हणायचे सरू देवाची आहे. मी देवाची नव्हते, मी घाबरलेली होते. पण नेम करता करता देवही माझ्या घरातला झाला, हेही खोटं नाही.

चाळीच्या टोकाला एक बंद पडलेला कारखाना होता. तिथल्या पुढच्या खोलीत फादर इनास मिस्सा, म्हणजे त्यांच्यातली पूजा, करायचे. पन्नाशीचे, वसईकडचे, सावळे, टायरच्या चपला घालणारे. दिवसा होमिओपॅथीच्या गोळ्या द्यायचे, त्यामुळे सगळी चाळ त्यांना ओळखत होती. ते पूर्वी मोठ्या देवळात होते; वसईकडे चर्चला देऊळच म्हणतात. तिथं पास्कोल नावाच्या माणसाला वेदीवरचा प्रसाद द्यायचा नाही असं त्यांना सांगण्यात आलं, आणि त्यांनी दिला. पास्कोल आमच्या मागच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा. तो देवूबरोबर राहायचा. देवू डोंगरपाड्यावरचा, सुताची पोती उचलायचा. दोघं आठ वर्षं एका खोलीत, आणि ते मित्र म्हणून नव्हे, हे सगळ्यांना माहीत होतं. फादर मोठ्या देवळातून निघाले आणि एका लहानशा चर्चला मिळाले. त्याच्यावर पोपसाहेबांचा हुकूम चालत नाही, पण मिस्सा तीच, मरियामाय तीच.

"मग तुमचा वरचा साहेब कोण?" तुळजानं एकदा गोळ्या घेताना विचारलं.

"आमचे बिशप दक्षिणेत आहेत. समुद्राकाठी."

"त्यांच्या हाताखाली किती फादर?"

"माझ्यासकट चार."

"चार?" तुळजा म्हणाली. "आमच्या वडप्याचं भजनी मंडळ मोठं की हो मग."

फादर हसले. "आणि गातंही चांगलं असेल."

त्यांची रविवारची मिस्सा शुक्रवारी व्हायची. भिवंडीत लूमला सुट्टी शुक्रवारची. रविवारी मिस्सा केली तर खडखडाटात फादरचा एक शब्द ऐकू येणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी सगळं शांत असायचं, तलावावरचा वारासुद्धा ऐकू यायचा. माझा त्या दिवशी उपास. मी वेदीवरच्या समईसाठी वाती द्यायला जायचे आणि मागे भिंतीला टेकून बसायचे. फादरनी कधी मला तुमच्या देवाला सोडा म्हटलं नाही. तुळजा आधी नुसती माझ्यासोबत म्हणून आली. नंतर तिचंच पाऊल पुढे असायचं.

मिस्सेत एका जागी फादर जिवंत माणसांची नावं घेत, घराघरानं. माणसं सगळी मिळून नऊ, म्हणून वेळ लागायचा नाही. नवऱ्यानं टाकलेली एक नर्स आणि तिची आई, एक म्हातारा, असं करत करत ते म्हणायचे, "पास्कोल आणि देवू." एका दमात. मध्ये कुठं आवाज खाली नाही, घसा खाकरणं नाही. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा तुळजानं माझा गुडघा दाबून धरला होता.

परतताना ती म्हणाली, "आपली बी तशी घ्यायला सांग ना."

"आपण त्यांच्यातल्या नाही."

"मी देवाचं न्हाय बोलत. नावाचं बोलते. सरू आनि तुळजा. कसं वाटतं?"

मी हळूच म्हटलं, "पायाखाली बघ, गटार आहे."

होळीला तिचा भाऊ अनंता आला. ओट्यावर बसून चहा घेतला आणि म्हणाला, पडघ्याचा एक बिजवर आहे, घरची भातशेती आहे, पाट लावून टाकू. "किती दिवस दुसऱ्याच्या दारात ऱ्हायाचं, बाय?" त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. त्याला बहिणीची काळजी होती. तुळजा म्हणाली, "ईस्टर झाल्यावर सांगते."

"ईस्टर? तो कंचा सण?"

"हाय एक," ती म्हणाली. "आमच्या चाळीत असतो."

तो गेल्यावर ती माझ्यासमोर बसली. मी तांदूळ निवडत होते, तिनं सूप बाजूला सारलं.

"दादाला मी सांगीन, मी हितं नांदते. पन तसं कोनी तरी म्हनाया पायजे. मी एकलीनं म्हनून काय हुतंय? फादर घरं पवित्र करायला येतील, तवा आपल्या घरी बी येऊ देत. चार मानसांत एकडाव आपली नावं पडू देत. मंग मी दादाला न्हाय म्हनते. मंग मला कोनी हलवत न्हाय."

ईस्टरनंतरच्या आठवड्यात फादर घरोघर जाऊन पाणी शिंपडत. वसईकडे ती रीतच आहे. पण फादर इनासनी त्यात आपली एक गोष्ट घातली होती. उंबऱ्यावर उभं राहून ते विचारायचे, "या घरात कोण कोण नांदतं?" आणि स्वतःचं नाव स्वतः सांगायचं नाही. आपलं नाव घरातल्या दुसऱ्यानं घ्यायचं. एकट्याचं घर असेल तर फादर घ्यायचे. ते म्हणायचे, जो आपलं नाव घेतो त्याच्यापाशी आपण नांदतो, बाकी नुसतं राहणं.

आम्ही त्यांना विचारायला गेलो, म्हणजे बोलली तुळजाच. फादरनी चष्मा पुसला. म्हणाले, पास्कोल-देवूच्या घराबद्दल मी एकदा बिशपना लिहून विचारलं होतं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, एका ओळीचं. ते घर आहे का बघ. असेल तर आशीर्वाद दे, मला विचारत बसू नकोस.

"आमचं बघा मंग," तुळजा म्हणाली.

"मी तीन वर्षं बघतोय," फादर म्हणाले. "तुम्हीच उशीर केलात."

त्या वर्षी ईस्टर पाडव्याच्या आधी आला. पुढचा शुक्रवार ठरला. तुळजानं आदल्या दिवशी सुट्टी टाकून उंबरा सारवला, रांगोळी काढली, माझं हिरवं लुगडं नेसली. मला सकाळी विचारलं, "नाव घेशील ना?"

"घेईन," मी म्हटलं. मला तसंच वाटत होतं. तांब्या तोंडाला लावण्याआधी मी देवीपुढे बसून मनातल्या मनात तालीमही केली. मनात ते नाव सरळ येत होतं.

आधी पास्कोलचं घर झालं. सगळी चाळ गोळा झाली होती, ठमाबाई सगळ्यांत पुढे. फादरनी विचारलं, या घरात कोण कोण नांदतं? पास्कोल म्हणाला, "देवू." देवू म्हणाला, "पास्कोल." मग थोडं थांबून म्हणाला, "आनि एक कोंबडी हाय."

"तिचं नाव?" फादरनी विचारलं.

"अजून ठेवलं न्हाय. ईस्टरला कापायची हुती, यानं कापू दिली न्हाय."

ठमाबाई मागून म्हणाली, "दोन बाप्यांचं घर. चूल कोन पेटवतो रं?"

"ज्याला आदी भूक लागंल त्यो," देवू म्हणाला. लोक हसले, फादरनी हसत हसतच कोंबडीवरही पाणी शिंपडलं, आणि सगळे आमच्या दाराकडे आले.

तुळजा फुलांचं ताट घेऊन उंबऱ्याच्या आत उभी. मी तिच्या डाव्या बाजूला. फादरनी विचारलं, "या घरात कोण कोण नांदतं?"

"सरू," तुळजा म्हणाली. मोठ्यानं, पार मागच्या कारखान्यापर्यंत जाईल असं. एवढ्या प्रेमानं माझं नाव माझ्या आईनंही घेतलं नसेल.

मग माझी पाळी. मी तोंड उघडलं. समोर लोक होते, पण मला लोक दिसत नव्हते. मला आंब्याखालचं अंगण दिसत होतं आणि कांबळ्याखाली थरथरणारा तो मुलगा. मी तिच्या ताट धरलेल्या हातांकडे बघितलं. काकणं भरलेले, धडधाकट हात. मी मनात म्हटलं, हे असेच राहू देत. आणि नाव आत गेलं ते गेलंच.

फादर थांबले. ठमाबाई खोकली. मी मान खाली घातली.

"बरं," फादर अगदी हळू म्हणाले. मग हात उचलून पाणी शिंपडलं आणि आशीर्वाद म्हटला: या घरावर, आणि या घरात नांदणाऱ्या सरूवर. एकच नाव.

तुळजा जागची हलली नाही. पाण्याचे थेंब तिच्या कपाळावरही पडले होते. तिनं पदरानं ते पुसले.

संध्याकाळी तिनं मला वाढलं. उपासाचं एकवेळचं जेवण, ते ती कधी चुकवत नसे. वाढून झाल्यावर म्हणाली, "मी भाडेकरू हुते व्हय गं?"

"तसं नाही."

"मंग कसं?"

मला सांगता आलं नाही. सांगायचं म्हणजे त्या मुलाचं नाव घ्यायचं, आणि तिच्या मरणाची भीती वाटते असं तिच्या तोंडावर बोलायचं. असलं अभद्र मी उंबऱ्याच्या आत कधी बोलले नव्हते. ती वाट बघत राहिली, मग उठली. सकाळी मी तळ्यावरून अंघोळ करून आले तेव्हा तिची पिशवी खुंटीला नव्हती. हिरवं लुगडं घडी करून ठेवलं होतं.

पुढचा महिनाभर मी कामावर जात होते, नेम करत होते. कांडी भरताना धागा तुटला की शेजारी बघायचे, तिथं दुसरीच बाई असायची. अन्न जाईना म्हणून एक दिवस गोळ्या घ्यायला फादरकडे गेले. त्यांनी नाडी बघितली आणि गोळ्या दिल्याच नाहीत.

"माझं चुकलं, सरूबाई," ते म्हणाले. "बावीस वर्षं मी लोकांची पापनिवेदनं ऐकली. माणूस गप्प झालं की मला वाटतं, ते लोकांना भ्यालंय, आपण झाकून घ्यावं. तुम्हाला झाकायला म्हणून मी पुढे गेलो. थांबायला हवं होतं मी."

"मी लोकांना नाही भ्याले."

"मग?"

मी सांगितलं. आंबा, बांगड्या, सासू. "मोरू" हे नाव मी बावीस वर्षांनी पहिल्यांदा उच्चारलं, आणि उच्चारल्यावर उगाचच दाराकडे बघितलं.

फादर बाटल्यांची झाकणं लावू लागले. मग म्हणाले, "त्या साली तुमच्या गावात तापानं आणखी किती गेले?"

मी आठवू लागले. "सात."

"त्या सगळ्यांची नावं त्यांच्या बायकांनी घेतली होती?"

"चार तर लहान मुलं होती," मी म्हटलं. बावीस वर्षं रोज अकरा वाती लावल्या, आणि हा हिशेब मला एकदाही सुचला नव्हता.

"मी देवाला रोज नावानं हाक मारतो," फादर म्हणाले. "त्याचं आयुष्य काही कमी झालेलं दिसत नाही." मग हसू आवरून म्हणाले, "मी वडप्याला येऊ का तुमच्याबरोबर? पाणी घेऊन येतो."

"नको," मी म्हटलं. "पाणी पडलं होतं तिच्यावर. माझंच राहिलं."

तोवर तिच्या लग्नाला अक्षय्यतृतीयेचा मुहूर्त ठरल्याचं कानावर आलं होतं. चार दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, आणि पहिल्या एस.टी.नं वडप्याला उतरले. आग्रा रोडवरून आत गेलं की भाताची खाचरं, उन्हाळ्यात नुसती भेगाळलेली. अनंताच्या दारात मांडवाच्या मेढी रोवत होते. चार-पाच बायका तांदूळ निवडत होत्या.

"कोनाकडं आलाव, बाय?" अनंताच्या बायकोनं विचारलं. ती मला ओळखत नव्हती.

"तुमच्या..." मी म्हटलं आणि थांबले. तुमच्या नणंदेकडे, असं तोंडात आलं होतं. ते मागं घेतलं. "तुळजाकडे."

"कोनाकडं?" मेढीवर घण पडत होता, तिला ऐकू गेलं नाही.

आंब्याखालच्या त्या अंगणानंतर मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. भजनातसुद्धा माझा आवाज शेजारणीच्या आड असतो. मी डोळे मिटले. आई भवानी, काही तोडायचं असेल तर माझ्यातलं तोड. आणि म्हटलं, "तुळजा." मग अंगणात पुढे जाऊन, घराकडे तोंड करून, "तुळजा, बाहेर ये."

घण थांबला. अनंतानं मान वर केली. बायकांचे हात तांदळात तसेच राहिले.

ती दारात आली. हळद अजून लागायची होती, पण हातात हिरवा चुडा भरला होता. माझ्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, माझ्या हातात दिला आणि भावाला म्हणाली, "कामतघरच्या हाइत. रस्त्यापरेन सोडून येते."

"दोन घास खाऊन जाऊ दे की."

"त्यांचा उपास असतो," तुळजा म्हणाली. त्या दिवशी शुक्रवार नव्हता.

आम्ही बांधावरून चाललो. ती पुढे, मी मागे. निम्म्या वाटेवर मी तिला सगळं सांगितलं, फादरना सांगितलं तसंच, मोरूच्या नावासकट. ती थांबली.

"म्हंजे मी मरंन म्हनून?"

"हो."

"आनि आता घेतलंस ते? दोनदा घेतलंस."

"तीनदा."

"मंग मेले म्हंजे मी." ती हसायला लागली आणि हसता हसता तिनं तोंडाला पदर लावला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. "आगं तवा सांगायला काय झालं हुतं तुला? मी काय शपथ घातली हुती? मला वाटलं, हिला लाज वाटली माझी."

"तुळजा," मी म्हटलं, "परत चल. हे लग्न मोड."

तिनं पदर काढला. "काय म्हनलीस?"

"मोड म्हटलं."

"तू? शब्द मोड म्हनतेस? तू आजपरेन येक उपास मोडला न्हाईस."

"आजपर्यंत," मी म्हटलं.

ती खाली बांधावर बसली. मीही बसले. समोर खाचरात दोन बगळे कोरड्या मातीत चोची मारत होते.

"म्हैनाभर आदी आली असतीस तर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. "मी रागानं हो म्हनले. लगेच सुपारी फुटली. आनि नुसती माझी न्हाय फुटली. पडघ्यावाल्यांची धाकटी भन आमच्या रामूला, माझ्या धाकट्या भावाला केलीय, येकाच मांडवात. माझं मोडलं का तिचं मोडतं. सोळाची पोर हाय, सरू. काल हितं येऊन माझ्याकडनं मेंदी शिकून गेली. तिच्या नावाला डाग लागंल आनि तिला कारन बी कळायचं न्हाय. तिनं काय केलंय?"

चौदा वर्षांच्या एका मुलीच्या माथी तिनं न केलेलं लोकांनी कसं मारलं होतं, ते मी नुकतंच सांगून झाले होते. मी म्हटलं, "काही नाही केलं तिनं."

"मंग?"

"मग काही नाही."

तिनं माझा हात घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. सुतानं माझ्या बोटांना चरे पडलेले असतात, त्यांवरून ती अंगठा फिरवत बसली. मी तिचं नाव घेतलं. काही सांगायचं नव्हतं, नुसतंच घेतलं. ती म्हणाली, "आजून येकदा." मी घेतलं. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही.

रस्त्यावर आलो तेव्हा नाशिककडून एस.टी. येताना दिसली. तिनं हात वर करून ती थांबवली. मी चढले. बसमध्ये गर्दी नव्हती, मी दाराजवळच्या खिडकीला बसले. ती खाली चिंचेच्या सावलीत उभी. डोक्यावरचा पदर तिनं नीट पुढे ओढून घेतला, घरातल्या बायका घेतात तसा.

तीन वर्षं ती मला सरू म्हणून हाका मारत होती. मागच्या कारखान्यापर्यंत जाईल अशा.

"अहो," ती म्हणाली.

कंडक्टरनं वळून पाहिलं, हिचा नवरा कुठला म्हणून. बसमध्ये मागे दोन म्हातारे झोपलेले होते, दुसरं कोणी नव्हतं.

"अहो, ऐकलंत का? जपून जा."

बस हलली. मी खिडकीच्या गजाला धरून बाहेर वाकले आणि ओ दिली.